नवलूरचा चढ आणि तेहतीस सालची हार्ले

हुबळीहून धारवाडला जाताना नवलूरचा चढ लागतो. बसमधल्या माणसाला तो कळतही नाही. ड्रायव्हर गिअर बदलतो, रस्त्याकडेच्या पेरूच्या टोपल्या मागं पडतात आणि धारवाड आलंच म्हणून लोक पिशव्या सावरायला लागतात. पण अनुसयाबाई शिंत्र्यांना त्या चढावरचं झाड न् झाड तोंडपाठ होतं. सकाळी अकराला कुठल्या चिंचेची सावली कुठवर येते, कुठल्या दगडावर मुंगळे नसतात, वारा कुठल्या अंगानं येतो, हे त्या झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या. कारण १९७२ सालापासून पुढच्या सतरा वर्षांत त्यांच्या घरची मोटारसायकल धारवाडला म्हणून निघाली आणि या चढावर येऊन बसली, असं अकरा वेळा झालं होतं. एकदाही ती आपल्या चाकांवर धारवाडला पोचली नव्हती.

मोटारसायकल साधीसुधी नव्हती. अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन, जन्म १९३३. अंगानं म्हशीएवढी आणि आवाजानं पिठाच्या गिरणीसारखी. गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला हातानं हलवायचा आणि क्लच पायानं दाबायचा, त्यामुळं दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नसे आणि कुणी मागतही नसे. तिला साइडकार होती. हुबळीतलं अख्खं केश्वापूर तिला 'डबा' म्हणे. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, म्हणून हा डबा गाडीच्या उजवीकडं लावलेला. आपल्याकडं चालायचं डावीकडून. म्हणजे गाडी चालवणारे भीमराव कडेला सुखरूप आणि त्यांची बायको भर रस्त्यात, समोरून येणाऱ्या लॉऱ्यांच्या नाकासमोर!

पहिल्या दिवशी अनुसया डोळे मिटून बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की पुढं बैलगाडी आडवी असली की तिच्या पलीकडचं भीमरावांना दिसत नाही, आपल्याला दिसतं. तेव्हापासून ती मिटलेली छत्री हातात धरून बसू लागली. छत्री वर केली की थांबायचं, पुढं केली की काढायची. हुबळीच्या स्टेशन रोडवरचे टांगेवाले म्हणायचे, "शिंत्रेमास्तर फक्त हँडल धरतात. गाडी अक्काच चालवतात."

भीमराव मास्तर नव्हते. रेल्वेच्या वर्कशॉपात टर्नर होते. पण हातात इतकी सफाई, की लोक मास्तर म्हणायचे. देवघराशेजारच्या भिंतीवर त्यांना मिळालेलं एकमेव प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं : वंगणतेलाची बचत केल्याबद्दल. वर्कशॉपात सांडलेलं तेल गाळून परत वापरायची काहीतरी युक्ती त्यांनी काढली होती. अनुसयेला त्या कागदाचं फार कौतुक. दर शुक्रवारी ती देवांच्या तसबिरींबरोबर ती काचही पुसायची.

गाडी त्यांनी १९५९ साली एका बेकरीवाल्याकडून घेतली होती. तो डब्यात पाव भरून घरोघर पोचवायचा. पहिले सहा महिने अनुसयेच्या पातळांना बनपावाचा वास यायचा. पुढची बारा वर्षं मात्र ती गाडी अगदी गुणाची निघाली. अनुसयेचा धाकटा भाऊ बाळकृष्ण धारवाडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि सप्तापुरात भाड्यानं राहायचा. महिन्यातून एकदा तरी भावाकडं जाणं व्हायचं. नवलूरचा चढ तेव्हाही होता. तो चढ आहे हे मात्र तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

एकच खोड होती. गाडी तेल सांडायची. जिथं उभी राहील तिथं काळ्या थेंबांचं डबकं. अंगण फरशीचं आणि अनुसयेचा हात रांगोळीत असा, की गल्लीतल्या कानडी बायकासुद्धा सणाला तिला बोलवायला यायच्या. आठवड्यातून दोनदा सोडा आणि राख घेऊन ती फरशी घासायची, कॅलेंडरवर पेन्सिलीनं 'डाग घासले' असं लिहायची, म्हणजे पुन्हा कधी घासायचं ते कळावं. हे असं चाललं होतं. एकाहत्तर सालच्या दिवाळीत मात्र लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भीमरावांनी गाडी आत घेतली ती नेमकी रांगोळीच्या कडेला. दहा मिनिटांत लक्ष्मीची पांढरी पावलं काळी झाली.

अनुसया बाहेर आली, बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो."

"काय गं?"

"या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी."

भीमराव म्हणाले, "अगं, तिची पद्धतच आहे ती."

"माझीही पद्धत आहे. निपाणीची आहे मी. आज लक्ष्मी आली ती पाय धुवायला परत गेली बघा."

भीमराव गाडीकडं वळले. दोन दिवस गाडीखाली आडवे होते. भाऊबिजेच्या सकाळी त्यांनी बायकोला हात धरून अंगणात आणलं. गाडी रात्रभर उभी होती आणि फरशी कोरडी ठणठणीत! इंजिनातून ज्या नळीवाटे तेल साखळीवर यायचं, त्या नळीच्या तोंडाला त्यांनी स्वतः लेथवर घडवलेलं पितळी बूच बसवलं होतं. कानातल्या कुडीसारखं देखणं. आणि तेल सोडणारा पंप आवळून आवळून जेमतेम थेंबावर आणला होता.

"अमेरिकेत तेल मुबलक, म्हणून त्यांनी ही असली उधळी गाडी केली," ते म्हणाले. "आता एक थेंब वाया जायचा नाही."

त्या दिवशी त्यांच्या ताटात दोन करंज्या जास्त पडल्या.

दिवाळीनंतर पहिल्यांदाच, जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू करायला दोघं धारवाडला निघाली. डब्यात अनुसया, तिच्या मांडीवर तिळगुळाचा डबा, हातात छत्री. उणकलचं तळं गेलं, नवनगर गेलं. नवलूरच्या चढावर निम्म्यात इंजिन एकदम कुरकुरलं, दात आवळल्यासारखं आवळलं आणि गप्प झालं.

रस्त्याकडेला पेरू विकणारी पार्वतव्वा बसली होती. ती टोपलीजवळचं लाकडी स्टूल उचलून धावत आली. "कूडरी अक्का, कूडरी," म्हणत तिनं अनुसयेला बसवलं, एक पेरू चिरून वर तिखटमीठ घातलं आणि भीमरावांच्या पाठीकडं बघत राहिली. तासाभरानं इंजिन थंड झालं, सुरूही झालं. चढाला लावलं की पुन्हा तेच. शेवटी गाडी हुबळीकडं वळवली आणि उतारावरून घरी आणली.

त्या दिवसापासून हे ठरूनच गेलं. हुबळीतल्या हुबळीत गाडी शहाण्यासारखी चालायची. बाजार, स्टेशन, सिद्धारूढ मठ, कुठंही न्या. धारवाडचं नाव काढलं की नवलूरला बसलीच. दर वेळी भीमरावांना नवा आरोपी सापडायचा. एकदा पेट्रोलमध्ये रॉकेल. एकदा प्लग. एकदा कॉइल. एकदा समोरचा वारा. कार्ब्युरेटर तर इतक्या वेळा उघडला, की अनुसयेलाही त्यातले सुटे भाग नावानिशी पाठ झाले. एकदा तर ते हळूच म्हणाले, "डब्यात वजन जरा…"

"पुढचं बोलू नका," अनुसया स्टुलावरून म्हणाली. "बोललात तर मी बसनं पुढं जाते आणि तुम्ही बसा इथं पेरू विकत."

एका वेळी मात्र हट्टानं त्यांनी गाडी रिकाम्या लॉरीत चढवली आणि तशीच सप्तापूरला नेली. बाळकृष्ण फाटकात उभा होता. लॉरीच्या पाठीवर दोरानं बांधलेली गाडी आणि तिच्या डब्यात बसलेली बहीण बघून त्यानं हात जोडले. "या दाजी! गाडीलाही आता गाडी लागते म्हणायची!"

भीमराव हसले, पण अनुसयेला त्यांचे कान लाल झालेले दिसले. गाडी त्याच लॉरीतून परत धाडली आणि बसनं घरी येताना ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "एकदा तरी हिला माझ्या हातानं, तिच्या पायानं धारवाडला न्यायची आहे." अनुसयेनं ते मनात ठेवलं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. वीस दिवस वर्कशॉपचा भोंगा वाजला नाही. भीमरावांना घरी बसायची सवय नाही. सकाळी सहाला अंघोळ करून, डबा भरून मागायचे आणि मग आठवायचं. नोकरी राहते की जाते, कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी अनुसयेनं त्यांच्या हातात एक जुनी पाती दिली आणि म्हणाली, "नुसते बसू नका. त्या टाकीचा रंग उडालाय. खरवडून नवा द्या."

ते खरवडायला बसले आणि गाडीनं आपला जन्म सांगायला सुरुवात केली. वरचा तांबडा भीमरावांचाच. त्याखाली बेकरीचा पांढरा. पांढऱ्याखाली पिवळा, आणि त्या पिवळ्यावर पुसट अक्षरं : 'आज शेवटचा खेळ'. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी ओळखलं. बेकरीच्या आधी ही तंबूतल्या सिनेमावाल्याकडं होती. डब्यात कर्णा लावून तो गावोगाव ओरडत फिरायचा, आणि त्याचा 'शेवटचा खेळ' महिनाभर चालायचा. पिवळ्याखाली खाकी. तो लढाईच्या वर्षांतला, गाडी लष्करानं मागून नेली तेव्हाचा. त्याच्या आधी ती रेल्वेच्या पुलांच्या एका गोऱ्या इंजिनिअरची होती, हे भीमरावांना वर्कशॉपातल्या जुन्या माणसांकडून कळलं होतं. तो म्हणे साइडकारमध्ये कुत्रा बसवून पूल बघायला जायचा.

"म्हणजे माझ्या जागेवर आधी कुत्रा होता," अनुसया म्हणाली.

"मधे पाव पण होते," भीमराव म्हणाले.

आणि खाकीच्या खाली, अकराव्या दिवशी, लाल रेघ दिसली. मग पिसं. मग डोळा. टाकीच्या दोन्ही अंगांना एका पक्ष्याचं डोकं आणि मागं ताणलेले पंख होते.

बाळकृष्ण त्या रविवारी बसनं आला होता. त्यानं तो पक्षी कागदावर उतरवून नेला आणि दोन दिवसांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून एका जुन्या अमेरिकन मासिकाची टिपणं घेऊन हजर झाला. इतिहासाचा मास्तर, त्याला चेव आला होता.

"अक्का, ऐक. ही तेहतीस सालची. हा पक्षी तेहतीस सालीच आला. त्या वेळी अमेरिकेत मंदी होती, भयंकर मंदी. बँका बुडाल्या, पावासाठी रांगा. चार वर्षांपूर्वी हा कारखाना वीस हजारांवर गाड्या काढत होता. तेहतीस साली चार हजारसुद्धा नाही."

"म्हणजे संपच की," अनुसया म्हणाली.

"संप नव्हे गं. काम करायला माणसं तयार, पण गाड्या घ्यायला कुणाकडं काही नाही."

"मग कारखानेवाल्यांनी काय केलं?"

बाळकृष्णानं टिपणं उलटसुलट केली. "खर्च तोडला, कामाचे तास तोडले… आणि टाकीवर पक्षी काढला. आधी बिचाऱ्या गाड्या एकरंगी यायच्या. म्हणाले, निदान दिसायला तरी झकास करू."

भीमराव पायरीवर बसून ऐकत होते. संपाचा तेरावा दिवस होता. ते उठले, आत गेले, रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आले आणि ब्रश बायकोच्या हातात दिला.

"मला कशाला?"

"माझा हात लोखंडाला चालतो. रेघ तुझी."

अनुसयेनं पदर खोचला. रांगोळी जमिनीवर पडते, हा रंग उभ्या पत्र्यावर ओघळत होता. तरी दोन दिवसांत तिनं दोन्ही बाजूंचा पक्षी जिवंत केला. बाळकृष्ण म्हणाला, अमेरिकेचा गरुड आहे, चोच जरा पोपटाची झाली. अनुसया म्हणाली, इतकी वर्षं हुबळीचं पाणी पिल्यावर असंच व्हायचं. विसाव्या दिवशी संप मिटला, भोंगा वाजला, आणि भीमराव डबा घेऊन कामावर गेले. पक्षी सुकला होता.

पुढच्या वर्षांत गाडी त्या पक्ष्यासकट नवलूरला जाऊन बसत राहिली. पार्वतव्वाचे केस पांढरे झाले. स्टुलाचा एक पाय मोडला, तो भीमरावांनीच बसवून दिला. शहाऐंशीला ते निवृत्त झाले. त्यानंतर ते धारवाडचं नाव काढेनासे झाले. गाडी पुसायची, मंडईपर्यंत न्यायची आणि परत आणायची. अनुसयेला हे आवडत नव्हतं. हातात काम नसलेल्या त्या माणसाचा आवाजसुद्धा बारीक व्हायला लागला होता.

एकोणनव्वद साली मोटारींचा नवा कायदा लागू झाला. सप्टेंबरात बाळकृष्ण एक कागद घेऊन आला. जुन्या गाड्यांची नोंद चालू ठेवायची असेल, तर गाडी धारवाडच्या कार्यालयात तपासणीला आणावी लागणार होती. तारीख मिळाली अकरा डिसेंबर. तो कारकुनाशी बोलूनही आला होता.

"आणि दाजी, तो म्हणाला, लॉरीत घालून आणलेली चालणार नाही. ढकलत आणलेलीही नाही. धावत आली पाहिजे."

"नाही आली तर?" अनुसयेनं विचारलं.

"तर नोंद रद्द. मग रस्त्यावर काढता येणार नाही. मोडीवाल्याला बोलवायचं."

भीमरावांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. "नवलूर," ते म्हणाले. एवढंच.

त्या महिन्यात त्यांनी पुन्हा सगळं उघडलं. प्लग नवे, कॉइल नवी, कार्ब्युरेटर पेट्रोलनं धुतला. ऑक्टोबरात एकदा एकटेच निघाले, अनुसयेला सांगितलं विद्यानगरला जातो. तीन तासांनी परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात पेरू होता.

दिवाळी आठवड्यावर आली होती. अनुसयेनं स्वयंपाकघरातली फळी आवरायला काढली. तिची एक सवय होती. फळीवर अंथरलेला कागद ती कधी काढायची नाही. दर दिवाळीला जुन्या कॅलेंडरची पानं त्यावरच अंथरायची. यंदा थर इतका झाला होता, की डबे डगमगत होते. म्हणून तिनं सगळे कागद एकदम सोलून काढले आणि खाली बसून चाळायला लागली. दूध आलं नाही. सिलिंडर. बाळकृष्णाला ताप. नवलूर. पापड केले. नवलूर. वरच्या पानांपासून खाली, वर्षामागून वर्षं. अधूनमधून 'नवलूर' यायचंच. ती हसत होती. बहात्तरच्या जानेवारीत पहिलं 'नवलूर' आलं. त्याखाली एकाहत्तर साल होतं, आणि तिथं आठवड्यातून दोनदा लिहिलेलं होतं : डाग घासले. डाग घासले. डाग घासले. ऑक्टोबरपर्यंत.

तिचं हसू थांबलं. तिनं दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. ज्या दिवाळीत डाग संपले, त्यानंतरच्या पहिल्याच धारवाडच्या खेपेला नवलूर सुरू झालं होतं.

भीमराव बाहेर गाडीपाशी होते. ती पानं घेऊन गेली.

"अहो, एकाहत्तरच्या दिवाळीआधी आपण धारवाडला कितीदा गेलो असू?"

"दर महिन्याला जायचो की."

"आणि किती वेळा बसलो नवलूरला?"

भीमराव विचार करून म्हणाले, "तेव्हा गाडी तरुण होती."

"अडतीस वर्षांची तरुण?" तिनं पानं त्यांच्यापुढं धरली. "हे बघा. डाग थांबले आणि गाडी थांबायला लागली. ते बूच काढा."

भीमरावांनी पानांकडं बघितलं आणि मग तिच्याकडं असं बघितलं, की जणू तिनं भिंतीवरचं प्रशस्तिपत्र फोडलं. "तेलानं गाडी बंद पडत नाही. पाजायचं तेवढं मी पाजतोच की. सांडत नाही एवढंच. चौतीस वर्षं मी तेलच बघितलंय, अनसू. मला तू शिकवू नकोस."

चार दिवस बोलणं बंद. जेवताना 'वाढ' आणि 'पुरे' एवढंच. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला अनुसया देवापुढच्या नंदादीपात तेल घालत होती. भीमराव शेजारी पाटावर बसले होते.

ती त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, "हा दिवा रोज एवढी पळी पितो. आपलं लग्न झाल्यापासून. तुम्ही कधी विचारलं नाही, तेल कुठं गेलं म्हणून."

"कुठं जाणार? जळतं."

"आणि मी उरलंसुरलं वाचवायला म्हणून थेंबाथेंबानं घातलं तर?"

भीमरावांनी वात जरा पुढं सारली. वातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्या इंजिनात तेल परत फिरत नाही. नव्या गाड्यांत फिरतं. या गाडीत एकदा आत गेलं की काम करायचं, जळायचं आणि बाहेर पडायचं. बाहेर पडतं तेव्हाच नवं आत येतं. मी वर्कशॉपाच्या हिशेबानं धरून बसलो. चढावर तिचा घसा कोरडा पडत होता, आणि मी तिला प्लग बदलून देत होतो." आणि जरा चाचरत ते म्हणाले, "तुझ्या रांगोळीसाठी केलं होतं गं मी."

"माहीत आहे. आता माझ्यासाठीच काढा."

दुसऱ्या दिवशी बूच निघालं. पंप सैल झाला. आवळून आवळून घासलेले भाग भीमरावांनी पुढं महिनाभर खपून नीट केले. वर्कशॉपातले दोन जुने सोबती रोज संध्याकाळी चहाच्या निमित्तानं यायचे आणि गाडीखाली जायचे. मधेच आलेल्या दिवाळीच्या पहाटे अंगणात काळं डबकं होतं. अनुसयेनं त्याच्याभोवती वळसा घालून रांगोळी काढली. शेजारची श्यामला पणती घेऊन आली होती, ती म्हणाली, "अक्का, मध्ये जागा सोडली?"

"ती तिची जागा."

अकरा डिसेंबरला सकाळी आठ वाजता दोघं निघाली. भीमरावांनी पांढरा सदरा घातला होता, निवृत्तीच्या दिवशी घातला होता तो. अनुसया डब्यात, छत्री पुढं. उणकलचं तळं गेलं. नवनगर गेलं. रायापूर गेलं. भीमराव एक हात खाली नेऊन टाकीवरचा तेलाचा हातपंप मधूनच एकदा दाबायचे, जसं म्हाताऱ्या आईला वाटेत पाणी विचारावं. चढ सुरू झाला. अनुसयेनं छत्री घट्ट धरली आणि तोंडानं मारुतीचं नाव सुरू केलं. पहिली चिंच गेली. दुसरी गेली. मुंगळ्यांचा दगड गेला.

दुरूनच आवाज ओळखून पार्वतव्वा उठली होती. स्टूल डोक्यावर धरून ती रस्त्यापर्यंत आली आणि तिनं ते नेहमीच्या जागी ठेवलं. गाडी तिच्यासमोरून गेली. धडधडत, धूर सोडत, मागं थेंबांची काळी रेघ ओढत. पार्वतव्वा वळून बघतच राहिली. अनुसयेनं डब्यातून मागं वळून छत्री हलवली. चढ संपला. भीमरावांनी विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला.

कार्यालयाच्या फाटकात बाळकृष्ण उभा होता. गाडी बघून त्यानं आधी मागं पुढं लॉरी शोधली.

तपासणीला गुरुराज नावाचे निरीक्षक होते. तरुण, चष्म्यातले, कामाला चोख. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, क्रमांक ताडून बघितला. मग वाकून खाली बघितलं आणि कागदावर पेन टेकवलं.

"ऑइल लीक आहे," ते कानडीत म्हणाले. "असं पास करता येणार नाही."

भीमरावांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. चौतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी दुसऱ्यांना टोकलं होतं, तीच त्यांच्यापुढं येऊन उभी होती. अनुसया डब्यातून उतरली. तिचं कानडी बाजारातलं, पण पक्कं.

"साहेब, तुमच्या घरी देवापुढं दिवा असतो ना?"

"असतो. का?"

"सकाळी त्यातलं तेल कमी झालं, तर आई म्हणते का दिवा गळतो?"

गुरुराजांनी चष्मा वर केला. अनुसयेनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. मग भीमराव पुढं झाले. टाकी उघडून, पंप दाखवून, नळी कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवत त्यांनी सगळं सांगितलं. बूच कसं घडवलं, कुठं बसवलं, सतरा वर्षं काय झालं, तेसुद्धा. खिशातून पितळी बूच काढून निरीक्षकांच्या तळहातावर ठेवलं. चूक आपली, गाडीची नाही, असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले. अनुसया त्यांच्याकडं बघत राहिली.

गुरुराजांनी बूच फिरवून बघितलं. "काम सुंदर आहे," ते म्हणाले. मग गाडी सुरू करायला सांगितली, पाच मिनिटं कान देऊन ऐकली, वाकून थेंब पडताना बघितले, आणि हसू दाबत 'पास' असं लिहिलं. सही करताना विचारलं, "टाकीवरचा हा पोपट कुणी काढला?"

"गरुड आहे तो," भीमराव आणि बाळकृष्ण एकदम म्हणाले.

सप्तापुरात जेवणं झाली. बाळकृष्णाला एकही टोमणा सुचला नाही, म्हणून त्यानं दाजींना दोनदा वाढलं. निघताना अनुसयेनं बाजारातून पेढ्यांचा पुडा घेतला. परतीला नवलूर उताराचं. गाडी झोकात खाली येत होती. चिंचेखाली स्टूल अजून तसंच होतं. भीमरावांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि स्वतःच्या हातानं बंद केली.

पार्वतव्वा धापा टाकत आली. "याकवा, मत्त निंततेन?" पुन्हा थांबली का, म्हणून तिचा चेहरा उतरला होता.

"इल्लवा," अनुसया पेढ्यांचा पुडा सोडत म्हणाली. "नावऽ निंतेवि." नाही गं, आम्हीच थांबलो.

पार्वतव्वानं पेढा तोंडात टाकला आणि सवयीनं पेरू चिरायला घेतला. अनुसया स्टुलावर बसली. गाडीखाली काळा थेंब पडला, मग दुसरा. भीमराव वाकून बघत होते.